आकृतीत न दिसणारा अ‍ॅम्प्लिफायर: टीडीए २०३०ए चिपची घरगुती बांधणी

टीडीए २०३०ए ही पाच पायांची चिप वापरून अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा म्हटले, तर सर्किटच्या आकृतीत एका चॅनेलसाठी चिपखेरीज जेमतेम डझनभर घटक दिसतात आणि हे काम एका संध्याकाळचे आहे असे वाटू लागते. डाग देण्याचे, म्हणजे सोल्डरिंगचे, काम खरोखरच एका संध्याकाळचे आहे. मात्र तयार झालेला अ‍ॅम्प्लिफायर शांत बसतो की भुणभुणतो, तासाभरात तापून बंद पडतो की दहा वर्षे चालतो, हे ठरवणाऱ्या गोष्टी आकृतीत नसतात. ग्राउंडची, म्हणजे शून्य व्होल्टची सामायिक, तार कोणत्या मार्गाने गेली, ट्रान्सफॉर्मर कोणत्या कोपऱ्यात बसवला, चिपची पाठ कशाला टेकली, यांविषयी आकृती काहीच सांगत नाही. तिच्यात ग्राउंडचे प्रत्येक चिन्ह एकसारखे असते, प्रत्यक्षात मात्र प्रत्येक ग्राउंड वेगळा वागतो. म्हणून या लेखात आकृती थोडक्यात सांगून बराचसा वेळ या न दिसणाऱ्या गोष्टींना दिला आहे.

आधी एक सूचना. या कामात घरातील २३० व्होल्टचा पुरवठा हाताळावा लागतो. ज्यांनी यापूर्वी तसे काम केलेले नाही, त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूची जोडणी जाणकाराच्या देखरेखीखाली करावी आणि पुढे सांगितलेल्या चाचण्यांची वेळ सोडली, तर झाकण उघडे असताना प्लग नेहमी सॉकेटच्या बाहेर, डोळ्यांसमोर ठेवावा.

चिपची निवड

नवशिक्यांची सुरुवात बहुधा एलएम ३८६ या आठ पायांच्या चिपने होते आणि ती वाईट नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी ही चिप अर्ध्या वॅटच्या आसपास शक्ती देते, लहान स्पीकरवर रेडिओ ऐकण्याला ती पुरते. पण खोलीत बसून गाणे नीट ऐकायचे असेल, तर तिचा आवाज लवकर फाटतो. टीडीए २०३०ए तिच्या बरीच पुढे जाते. योग्य पुरवठा दिला तर ८ ओमच्या स्पीकरला ती सुमारे ९ ते १० वॅट स्वच्छ देऊ शकते. आकडा लहान वाटतो, पण ज्या स्पीकरची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल आहे, त्याला ९ वॅट दिले की आवाज सुमारे ९७ डेसिबलपर्यंत जातो. फ्लॅटमध्ये शेजाऱ्याने दार वाजवावे इतका हा आवाज आहे.

नावाच्या शेवटच्या ‘ए’ अक्षराकडे दुर्लक्ष करू नये. साध्या टीडीए २०३० ची पुरवठ्याची कमाल मर्यादा धन-ऋण १८ व्होल्ट (ग्राउंडच्या वर १८ आणि खाली १८) आहे, तर ‘ए’ असलेल्या चिपची धन-ऋण २२ व्होल्ट. आपल्याकडे सहज मिळणारा ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ व्होल्टचा. त्याचे १२ व्होल्ट एकदिश होऊन कॅपॅसिटरवर साठले की १.४१ पटीने सुमारे १७ व्होल्ट होतात, त्यातून डायोडचा एक व्होल्टच्या आतबाहेरचा तोटा वजा जातो. पण हा हिशेब पूर्ण भाराचा आहे. भार नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिलेल्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त व्होल्टेज देतो, आणि रात्री उशिरा घरातील पुरवठा २५० व्होल्टपर्यंत चढला, तर कॅपॅसिटरवर १९ व्होल्टही दिसू शकतात. साधी २०३० तिथे मर्यादेबाहेर जाते, ‘ए’ निभावून नेते. ‘ए’ मिळाली नाही, तर ९-०-९ चा ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि थोडी शक्ती कमी मिळते हे मान्य करावे. टीडीए २०५० आणि एलएम १८७५ या चिपचे पायही याच क्रमाने असतात, म्हणून पुढे सांगितलेल्या बोर्डावर त्या बसू शकतात. एलएम १८७५ थोडी महाग असते, पण माझ्या कानाला तिचा आवाज अधिक मोकळा वाटला आहे.

खरेदीसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा व तपकीर गल्लीचा परिसर ही जुनी ठिकाणे आहेत. या चिपच्या नकला बाजारात भरपूर आहेत. एकदा एका दुकानातून मी चार चिप स्वस्तात आणल्या. त्यांतील दोन पहिल्याच जोडणीत गरम होऊन गेल्या आणि उरलेल्या दोन निम्म्या आवाजालाच फाटू लागल्या. तेव्हापासून चिप मी ठरलेल्या माणसाकडूनच घेतो आणि नेहमी एक जादा घेतो. अक्षरे अ‍ॅसिटोनने पुसून निघत असतील, तर चिप शंकास्पद समजावी.

सर्किट

छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून पहिला पाय धन इनपुट, दुसरा ऋण इनपुट, तिसरा ऋण पुरवठा, चौथा आउटपुट आणि पाचवा धन पुरवठा असतो. चिपच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून तिसऱ्या पायाला जोडलेला आहे, हे वाक्य मनात कोरून ठेवावे. त्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

सिग्नल १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कॅपॅसिटरमधून पहिल्या पायावर येतो आणि त्या पायापासून ग्राउंडला २२ किलोओमचा रेझिस्टर (लाल, लाल, नारिंगी) जातो. चौथ्या पायापासून दुसऱ्या पायाला आणखी एक २२ किलोओमचा रेझिस्टर आणि दुसऱ्या पायापासून ग्राउंडकडे ६८० ओमचा रेझिस्टर (निळा, करडा, तपकिरी), त्याला एकसर २२ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, अशी फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणारी, जोडणी असते. वर्धन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो, हे या दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरातून ठरते: २२,००० भागिले ६८०, अधिक एक, म्हणजे सुमारे ३३ पट. या चिपचे वर्धन १६ पटीच्या खाली, म्हणजे २४ डेसिबलच्या खाली आणू नये, कारण तसे केल्यास ती स्वतःच आंदोलन करू लागते, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुटवर कंपने काढते. आवाज जास्त वाटतो म्हणून फीडबॅकचा रेझिस्टर कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याऐवजी इनपुटला व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावावा.

२२ मायक्रोफॅरडच्या त्या कॅपॅसिटरचे काम समजून घेण्यासारखे आहे. स्थिर व्होल्टेजला तो मार्ग देत नाही, त्यामुळे अशा व्होल्टेजसाठी चिपचे वर्धन ३३ न राहता एकच होते आणि आउटपुटवर शून्याच्या जवळपास व्होल्टेज राहते. 

आउटपुटपासून ग्राउंडला १ ओमचा (तपकिरी, काळा, सोनेरी) रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ज्यावर २२४ असे छापलेले असते, एकसर जोडावा. स्पीकरची कॉइल उच्च कंपनांना भार वाटत नाही. ही जोडी तो भार पुरवते आणि चिप ऐकू न येणाऱ्या कंपनांवर शिट्टी मारू लागत नाही. हे दोन घटक वाचवण्याचा विचारही करू नये. आउटपुटपासून धन आणि ऋण पुरवठ्याकडे एकेक डायोड उलट्या दिशेने लावावा, म्हणजे पट्टीची बाजू नेहमी अधिक धन टोकाकडे. मूळ आकृतीत १एन ४००१ असतो, १एन ४००७ ही तितकाच चालतो. पाचव्या आणि तिसऱ्या पायापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कॅपॅसिटर (छाप १०४) आणि त्यांच्या शेजारी १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक. सिरॅमिक कॅपॅसिटर चिपच्या पायांपासून एक सेंटिमीटरच्या आत असावेत. पाच सेंटिमीटरवर ठेवले तर ते असून नसल्यासारखे.

फोनसाठी वेगळा प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो का, असे नेहमी विचारले जाते. आउटपुटचे शिखर १२ व्होल्ट धरले, तर परिणामी (आरएमएस) मूल्य साडेआठ व्होल्ट येते, आणि त्याला ३३ ने भागले की इनपुटला फक्त ०.२६ व्होल्ट पुरतात. कोणताही फोन इतके देतो. त्यामुळे प्रीअ‍ॅम्प्लिफायर नको, १० किलोओमचा लॉग पॉट पुरे. लीनियर पॉट घेतला, तर सगळा आवाज पहिल्या पाव फेऱ्यातच येऊन जातो.

पॉवर सप्लाय

दोन चॅनेलसाठी १२-०-१२ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर गाण्यांना पुरतो. ३ अँपिअरचा घेतल्यास तो थंड राहतो, एवढाच फरक. दोन बाहेरच्या तारा किमान ४ अँपिअरच्या ब्रिजच्या (चार डायोडांच्या एकदिशकाच्या) दोन एसी टोकांना जोडाव्यात. मधली तार ब्रिजला न लावता दोन कॅपॅसिटरांच्या सामायिक बिंदूला न्यावी. प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कॅपॅसिटर घ्यावा. १ अँपिअरच्या भारावर १०० हर्ट्झला त्यावरचा चढउतार सुमारे दोन व्होल्ट येतो, तो ही चिप सहज दाबून टाकते. याहून दुप्पट कॅपॅसिटर घातल्याने आवाज सुधारतो असे ऐकायला मिळते. माझा अनुभव असा, की ते पैसे हीट सिंकवर, म्हणजे चिपची उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, खर्च केलेले बरे.

प्राथमिक बाजूला स्विचच्या आधी ५०० मिलिअँपिअरचा, सावकाश वितळणारा फ्यूज असावा. कॅबिनेट धातूचे असेल, तर तीन पिनांच्या प्लगमधील हिरवी अर्थिंगची तार कॅबिनेटला स्क्रू, दातेरी वॉशर आणि नटने घट्ट बांधावी. रंग खरवडून उघड्या धातूवर बांधावी. दोन पिनांचा प्लग आणि धातूचे कॅबिनेट हा संयोग टाळावा.

ग्राउंडची तार

आता मुख्य विषय. ट्रान्सफॉर्मरकडून कॅपॅसिटरमध्ये विद्युत् प्रवाह सतत वाहत नाही. दर १० मिलिसेकंदांत केवळ दोन-तीन मिलिसेकंद डायोड उघडतात आणि तेवढ्या वेळात सगळा प्रवाह झटक्याने भरला जातो. म्हणून सरासरी १ अँपिअर असला, तरी झटका ५ अँपिअरचा असू शकतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या दहा सेंटिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे साडेतीन मिलिओम असतो. या तारेतून तो ५ अँपिअरचा झटका गेला, तर तिच्या दोन टोकांत १७ मिलिव्होल्टचा फरक पडतो. ऐकायला हे नगण्य वाटते. पण इनपुटचा ग्राउंड तारेच्या एका टोकाला आणि चिपचा ग्राउंड दुसऱ्या टोकाला असेल, तर चिपला हा फरक सिग्नलसारखाच दिसतो, ती त्याला ३३ पट करते, आणि स्पीकरवर अर्ध्या व्होल्टहून जास्त भुणभुण येते. रात्रीच्या शांततेत ती पलीकडच्या खोलीत ऐकू जाते.

उपाय खर्चिक नाही, फक्त शिस्तीचा आहे. दोन्ही मोठ्या कॅपॅसिटरांचे सामायिक टोक आणि ट्रान्सफॉर्मरची मधली तार जाड, आखूड पट्टीने जोडावी. हा गलिच्छ भाग, झटके इथेच वाहू द्यावेत. या पट्टीपासून एक आखूड तार काढून थोड्या अंतरावर दुसरा बिंदू करावा आणि त्याला मध्यबिंदू मानावे. स्पीकरची परतीची तार थेट मध्यबिंदूला यावी, बोर्डावर नव्हे. चिपच्या पुरवठ्यावरील कॅपॅसिटर आणि १ ओम-०.२२ मायक्रोफॅरडची जोडी यांचा ग्राउंड दुसऱ्या तारेने तिथेच यावा. इनपुटचा २२ किलोओमचा रेझिस्टर, फीडबॅकचा २२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि इनपुटच्या तारेभोवतीची संरक्षक जाळी या तिघांचा मिळून एक स्वच्छ ग्राउंड बोर्डावर करावा आणि तिसऱ्या, स्वतंत्र तारेने मध्यबिंदूला न्यावा. मध्यबिंदूपासून कॅबिनेटला एकच तार जावी. इनपुटचा सॉकेट धातूच्या कॅबिनेटवर थेट बसवला, तर तिथून नकळत दुसरी जोडणी होते आणि सगळी मेहनत वाया जाते. प्लॅस्टिकच्या वॉशरचा सॉकेट घ्यावा.

हे सर्व झिरो पीसीबीवर, म्हणजे आधीच भोके पाडलेल्या सर्वसाधारण बोर्डावर, करता येते, पण चिपचे पाय त्या बोर्डाच्या भोकांशी जुळत नाहीत. झिरो पीसीबीच्या भोकांतील अंतर २.५४ मिलिमीटर असते, चिपच्या शेजारच्या दोन पायांतील अंतर १.७ मिलिमीटर. पाय दोन ओळींत पुढे-मागे वाकवलेले असतात. त्यांना बारीक पक्कडने हळूच पसरवून भोकांत घालावे लागते. पक्कड पायाच्या मुळाशी धरून टोक वाकवावे, मुळाशी ताण देऊ नये. पसरवताना एखादा पाय तुटला तर ती चिप बाद समजावी, आणि म्हणूनच एक चिप जादा घेण्याचा सल्ला वर दिला आहे.

डाग देताना सोल्डरिंग आयर्नचे बिट पायाला आणि तारेला एकदम टेकवून सोल्डर बिटावर न लावता जोडावर लावावा. चांगला डाग चमकदार आणि कडेला निमुळता उतरता दिसतो, तर थंड डाग गोळीसारखा मळकट. पुरवठ्याच्या आणि स्पीकरच्या वाटा तांब्याच्या पातळ पट्टीवर न सोडता तिच्यावर नागडी तार टाकून सोल्डरने भराव्यात.

उष्णता आणि अभ्रकाची चकती

ही चिप ज्या प्रकारची आहे त्या वर्ग एबीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उष्णता सर्वांत जास्त पूर्ण आवाजाला नव्हे, तर मधल्या आवाजाला तयार होते. धन-ऋण १६ व्होल्ट आणि ८ ओमचा स्पीकर असेल, तर एका चिपमध्ये कमाल सुमारे साडेसहा वॅट उष्णता होते. ४ ओमचा स्पीकर लावला तर तीच १३ वॅट. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याचा विचार करून कॅबिनेटमधील हवा ४५ अंश धरू आणि चिपचा गाभा ११० अंशांपुढे जाऊ नये असे ठरवू. उरलेल्या ६५ अंशांना साडेसहाने भागले की वॅटमागे १० अंश मिळतात. त्यातील ३ अंश चिपच्या आतच जातात, एक अंश चिप आणि हीट सिंक यांच्यामधील अभ्रकाच्या चकतीत, उरतात ६. बाजारातील हाताच्या पंजापेक्षा थोडा लहान, पंख्याच्या पात्यांसारखे कंगोरे असलेला अ‍ॅल्युमिनिअमचा हीट सिंक एका चिपला एवढे देतो. ४ ओमसाठी हाच हिशेब केला, तर हीट सिंकच्या वाट्याला वॅटमागे केवळ एक अंश येतो, आणि तसा सिंक अ‍ॅम्प्लिफायरहून मोठा असतो. म्हणून पहिल्या बांधणीला ८ ओमचाच स्पीकर वापरावा.

आता त्या पाठीच्या पत्र्याकडे येऊ. तो तिसऱ्या पायाला, म्हणजे ऋण १६ व्होल्टला जोडलेला आहे. हीट सिंकला चिप नुसती कसली आणि हीट सिंक कॅबिनेटला टेकला, तर ऋण पुरवठा सरळ अर्थला शॉर्ट होतो. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा फ्यूज वाचला, पण ब्रिजमधून चटकन धूर निघाला. चिप आणि हीट सिंकच्या मध्ये दोन्ही बाजूंना पातळ थर्मल पेस्ट लावलेली अभ्रकाची चकती, आणि स्क्रूभोवती नायलॉनचा बुश, हे दोन्ही लागतात; एकट्या चकतीने काम होत नाही, कारण स्क्रू तो मार्ग पुन्हा जोडतो. पेस्ट जाड थापू नये, ती पोकळ्या भरण्यासाठी असते. कसून झाल्यावर मल्टिमीटरने चिपच्या पत्र्यापासून हीट सिंकपर्यंत रोध मोजावा. तो अनंत दिसल्याखेरीज पुढे जाऊ नये.

वीज देण्याचा क्रम

पहिल्यांदा थेट प्लग लावू नये. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड करावा: होल्डरमध्ये ६० वॅटचा तारेचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा बल्ब आणि त्याला एकसर सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सर्किटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजळतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. ठीक असेल तर कॅपॅसिटर भरेपर्यंत एकदा लुकलुकून मंदावतो. या एका साधनाने माझ्या किती चिप वाचल्या, याची मोजदाद नाही.

आधी फक्त पॉवर सप्लाय, बोर्ड न जोडता, सिरीज बोर्डवरून चालू करावा. मध्यबिंदूपासून धन आणि ऋण बाजूंना सारखेच, १६ ते १९ च्या दरम्यान, व्होल्टेज दिसायला हवे. एक बाजू शून्य दिसली तर मधली तार किंवा ब्रिज तपासावा. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो; १०० ओम, ५ वॅटचा रेझिस्टर प्रत्येक कॅपॅसिटरच्या टोकांना काही सेकंद धरून तो रिकामा करावा आणि मल्टिमीटरने खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करण्याची सवय अनेकांना असते, ती कॅपॅसिटरला आणि डोळ्यांना, दोघांनाही वाईट.

मग एकाच चॅनेलचा बोर्ड जोडावा. स्पीकर लावू नये आणि इनपुट ग्राउंडला शॉर्ट करावे. सिरीज बोर्डवरूनच चालू करून चौथा पाय आणि मध्यबिंदू यांतील डीसी व्होल्टेज मोजावे. ते धन किंवा ऋण २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, १०० मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्पीकर जोडू नये. तिथे सरळ १५ व्होल्टच्या आसपास दिसले, तर फीडबॅकची साखळी कुठेतरी तुटलेली आहे किंवा पहिल्या पायाचा २२ किलोओमचा रेझिस्टर ग्राउंडला पोहोचलेला नाही. चिप स्वतःच गेलेली असण्याची शक्यता तिसरी, पण दोष आधी तिलाच दिला जातो. चिप हाताला स्पर्शाने कोमट लागावी. सिग्नल नसतानाही ती एक-दीड वॅट खाते, त्यामुळे अगदी थंड राहत नाही. स्पर्शाआधी मल्टिमीटरने हीट सिंक वेगळा असल्याची खात्री असतेच.

आकडे बरोबर आले की जुना, टाकाऊ स्पीकर लावून ऐकावे. चांगला स्पीकर पहिल्या दिवशी जोडू नये. हे सगळे समाधानकारक झाल्यावर दुसरे चॅनेल बांधावे. दोन्ही एकदम बांधले आणि दोन्ही बिघडले, तर तुलनेला काहीच उरत नाही. मोनो बांधणाऱ्यांनी फोनच्या डाव्या-उजव्या तारा एकत्र पिळू नयेत, प्रत्येकीला एक किलोओमचा रेझिस्टर लावून मग जोडाव्यात, नाहीतर फोनचे दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात.

आवाज ऐकून दोष ओळखणे

भुणभुण दोन जातींची असते, आणि कान थोडा तयार झाला की त्या वेगळ्या ओळखू येतात. खोल, ५० हर्ट्झची घरघर ट्रान्सफॉर्मरच्या क्षेत्रामुळे किंवा इनपुटच्या उघड्या तारेमुळे येते. किंचित चढी, खरखरीत १०० हर्ट्झची भुणभुण ही वर सांगितलेल्या झटक्यांची, म्हणजे ग्राउंडच्या चुकलेल्या तारेची असते. व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि भुणभुण गेली, तर ती बाहेरून येत आहे: तार जाळीची वापरावी, आखूड करावी आणि पॉटचे धातूचे अंग ग्राउंडला जोडावे. शून्यावरही तशीच राहिली, तर आतली जोडणी पुन्हा पाहावी. ट्रान्सफॉर्मर कसण्याआधी, अ‍ॅम्प्लिफायर चालू असताना, त्याला लांब तारांवर ठेवून इन्सुलेटेड हातमोज्याने हळूहळू फिरवून पाहावे. एका विशिष्ट दिशेला भुणभुण चांगलीच कमी होते. तीच दिशा कायम ठेवावी आणि त्याच वेळी इनपुट शक्य तितके दूर न्यावे.

लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना भुणभुण येते आणि चार्जर काढताच जाते, हा अ‍ॅम्प्लिफायरचा दोष नव्हे. दोन यंत्रांचे ग्राउंड सॉकेटमार्गे एकत्र येऊन वर्तुळ तयार झालेले असते. ब्लूटूथचे छोटे मॉड्यूल याच पुरवठ्यावर ७८०५ ही पाच व्होल्ट स्थिर ठेवणारी चिप लावून चालवले, तर त्याच कारणाने किरकिर येते. तिथे पाच व्होल्टचे वेगळे, विलग पुरवठा देणारे मॉड्यूल वापरल्यास प्रश्न मिटतो. फोन जवळ येताच टर्र-टर्र ऐकू येत असेल, किंवा मध्यम लहरींचे रेडिओ केंद्र मागे बोलत असेल, तर इनपुटला एक किलोओमचा रेझिस्टर एकसर आणि त्यानंतर पहिल्या पायापाशी ग्राउंडला २२० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर लावावा.

आवाज नाही पण चिप भाजते, असे झाले तर बहुधा चिप ऐकू न येणाऱ्या कंपनावर आंदोलन करत असते. १ ओम-०.२२ मायक्रोफॅरडची जोडी लागली आहे का, सिरॅमिक कॅपॅसिटर पायांजवळ आहेत का आणि स्पीकरची तार इनपुटच्या तारेला समांतर गेली आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. आवाज मध्येच थांबून दोन-चार मिनिटांनी परत येत असेल, तर चिपमधील उष्णतेचे संरक्षण काम करत आहे. हीट सिंक लहान पडला, किंवा अभ्रकाची चकती वाकडी बसली.

शेवटी झाकण बसवण्यापूर्वी मध्यम आवाजावर एक तास गाणी चालू ठेवावीत. मग प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामे करून, हीट सिंक कोमट असतानाच चिपचा स्क्रू पुन्हा एकदा पाव फेरा घट्ट करावा. गरम होऊन नायलॉनचा बुश किंचित बसतो आणि पहिल्या दिवशी घट्ट वाटलेला स्क्रू सैल झालेला असतो.